हरकत

मस्कतच्या दवाखान्याचं पत्र आलं तेव्हा
मला अरबीत एकच प्रश्न विचारता येत होता :
कुठे दुखतं?
मास्टर नियाजुद्दीन शिकवायचे, हजिऱ्याला,
मोटार-वाइंडिंगच्या दुकानावरच्या खोलीत.
खफीफ म्हणजे हलकं. शदीद म्हणजे जोरात.
कालपासून. श्वास घेताना. जिना चढताना.
दोन महिन्यांत माझी सगळी अरबी
ठणकत होती.

मास्टर म्हणाले, बेटी, पहले कान बनाओ. गाने सुनो.
हे वाक्य मी जन्मापासून घरात ऐकत आलेय,
फक्त भाषेसाठी नव्हे.

मग रात्रपाळीत, सलाइनच्या थेंबांमधल्या वेळात,
मोबाइलवर शोधत बसले.
एक गाणं नुसतं ढोलांचं, शब्द त्याखाली चिरडलेले.
एकात बाई इतकी भरभर गायली
की मला एक नाव आणि एक नाही एवढंच सापडलं.
आणि पुस्तकातला ज तिच्या तोंडी ग.
जमील तिथे गमील.
मास्टर हसले. ती मिसरकडची बोली, तू तर उमानला जाणार.
मला पुण्याची मालूआत्या आठवली,
मी "येऊन राहिले" म्हटलं की
पदर तोंडाला लावणारी.

अकरा नंबरच्या खाटेवर जब्बार मिस्त्री.
खुब्याचं हाड. सोहारला बावीस वर्षं कॉम्प्रेसर खोलले.
माझं पुटपुटणं ऐकून त्यांनी मुलाला घरी पाठवलं,
त्यानं आणली एक कॅसेट,
घामानं नाव पुसलेली.
कोण गातो? आठवत नाही, म्हणाले,
ट्रकवाल्यानं दिली होती, ट्रकच विकला त्यानं.

घरी बाबांच्या कारखान्यातला जुना टेप.
ऊद, आणि एक म्हातारा आवाज, घाई नसलेला.
एक ओळ चारदा म्हणतो,
चारदा निराळ्या दारानं घरात येतो.
तिसऱ्यांदा मला "फक्त" ऐकू आलं.
आपलंच फक्त, भाजीवालीकडचं, फक्त पावशेर.
मग "बाकी". मग "ऐन".
ऐन दुपार होती, मे महिना, कूलरमध्ये पाणी संपलेलं,
आणि तो डोळ्याला हाक मारत होता.

बाबा पेटीचा भाता चिकटवत होते.
मान वर न करता : बेसूर आहे.
पुढच्या ओळीला हात थांबला.
कोमल गंधार दाबला. नाही.
शुद्ध दाबला. नाही.
पुन्हा लाव, म्हणाले.
टेप मागे, टेप पुढे, सात-आठ वेळा,
मला ती ओळ तेवढ्यात पाठ झाली, अर्थाशिवाय.
बेसूर नाही गं. तो या दोन पट्ट्यांच्या मध्ये राहतो.
आणि ही हरकत बघ, ही इथे घेतलेली.

मी म्हटलं, बाबा, हरकत त्यांचाच शब्द.
म्हणजे हालणं. अक्षराच्या वर-खाली
त्या रेघा मारतात ना, त्यांनाही हरकत म्हणतात,
त्यांच्याशिवाय अक्षर मुकं.
बाबांनी चष्मा पुसला.
मग आपण "हरकत नाही" म्हणतो
ते काय, मुकं राहायला?

त्या रात्री मी ड्यूटीवर असताना
त्यांनी एका चांगल्या पेटीची पितळी पत्ती काढली.
टोकाला खरवडलं की सूर चढतो,
मुळाशी खरवडलं की उतरतो,
हे मला लहानपणीच शिकवलेलं.
शुद्ध गंधार मुळाशी खरवडत खरवडत
त्यांनी फटीत आणून बसवला.
सकाळी येऊन बघते तर
तळहाताला पितळेची भुकटी, डोळे लाल.

जब्बार मिस्त्री वॉकर घेऊन घरी गेले,
कॅसेट मागितली नाही.
त्या ओळीचा अर्थ मास्टरांनी सांगितला,
काही विशेष नव्हता. विहीर आणि उशीर असं काहीतरी.

व्हिसा अजून आलेला नाही.
दाल बाजारातल्या भजनी मंडळाची माणसं परवा
ती पेटी मागायला आली होती.
ती नका घेऊ, बाबा म्हणाले, बिघडलेली आहे.
आणि माझ्याकडे न बघता
तीच पट्टी हळूच
एकदा दाबली.